शाळेचा सादिल खर्च

प्राथमिक शिक्षणाविषयी आपल्याकडे झालेल्या संकल्पांची परंपरा दीर्घ आहे, आणि ती केवळ शाब्दिक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात आणि राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून निघालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेस निदान दोन खोल्या व दोन शिक्षक देण्याचा निश्चय केला. आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण यांची यादीच परिशिष्टात जोडून ती तीन वर्षांत पुरी करण्याची मुदत घातली. खेड्यापाड्यांतून आज जिल्हा परिषदेच्या शाळांच्या ज्या पक्क्या इमारती दिसतात त्या या प्रयत्नांचेच फळ होय. तेव्हा सरकारने काहीच केले नाही, हा तक्रारीचा सूर मला मान्य नाही. माझा आक्षेप निराळा आहे: बांधणे सरकारचे कर्तव्य, राखणे मात्र कोणाचेच नाही, अशी जी रीत आपल्या कारभारात रूढ झाली आहे, तिने झालेल्या कामाचेही मोल घालवले आहे.

स्वच्छतागृहाचेच उदाहरण घ्या. ते बांधण्यास तरतूद असते, पूर्णत्वाचा दाखला असतो, अहवालात रकाना असतो. परंतु जिल्हा परिषदेच्या लहान प्राथमिक शाळेला ना शिपाई असतो ना सफाई कामगार, आणि म्हणून पाण्याची जोड नसलेले ते स्वच्छतागृह थोड्याच दिवसांत कुलूपबंद होते, तरी कागदोपत्री त्या शाळेची गणना सुविधायुक्त शाळांतच होत राहते. छपराची कथा याहून लांबते. गळक्या खोलीसाठी मुख्याध्यापकाने अर्ज करावा, अभियंत्याने अंदाजपत्रक करावे, त्यास तांत्रिक व प्रशासकीय मान्यता मिळावी, निविदा निघावी, आणि मार्चअखेर जवळ आल्यावर सगळ्यांनी एकदम धावपळ करावी, हा शिरस्ता. तोवर ती खोली मोडकळीस आलेली ठरून तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव निघालेला असतो, आणि नवी खोली मंजूर होईपर्यंत दोन इयत्ता व्हरांड्यात बसतात.

समग्र शिक्षा योजनेत शाळेला वार्षिक संयुक्त अनुदान मिळते, हे खरे. एकतीस ते शंभर पटाच्या शाळेस त्याची मर्यादा २५,००० रुपये आहे. यातूनच वीजबिल, खडू, नोंदवह्या, साफसफाई व किरकोळ दुरुस्ती हा सादिल खर्च भागवायचा असतो. शिवाय ही रक्कम शाळा उघडते तेव्हा जूनमध्ये हाती पडत नाही, तर बहुधा वर्ष सरत आल्यावर पडते. मधल्या काळात मुख्याध्यापक पदरमोड करतो किंवा शैक्षणिक उठावाच्या नावाने गावापुढे हात पसरतो. गावकऱ्यांनी शाळेस हातभार लावावा हे स्तुत्यच. परंतु वीज तोडली जाऊ नये म्हणून वर्गणी गोळा करावी लागणे हे लोकसहभागाचे नव्हे, शासनाच्या कर्तव्यच्युतीचे लक्षण आहे.

शिक्षकांच्या बाबतीतही हेच. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये दरमहा वेतन असावे, अशी मागणी केली होती. ज्याच्या हाती मुले सोपवायची त्याची विवंचना आधी दूर करावी, हे तत्त्व त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आजच्या शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात, आणि त्या मानधनाचे सहा हजारांवरून सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. वेतनाहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षक जुंपण्यास मनाई केली खरी. पण पोषण आहाराचा हिशेब, नाना प्रकारची ऑनलाइन माहिती आणि मतदारयादीचे वर्षभर चालणारे काम लिपिक नसलेल्या शाळेत करणार कोण? द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बैठकीस गेला की उरलेला चार इयत्ता एकटा सांभाळतो. त्या दिवशी शाळा उघडी असते, शिकवणे बंद असते.

अलीकडे ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या स्पर्धेने उत्साह निर्माण केला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र स्पर्धेचे पारितोषिक स्वभावतःच सुस्थितीतल्या शाळेकडे जाते. जिचे छप्पर गळते ती शाळा स्पर्धेत उतरण्यापूर्वीच हरलेली असते. कोणी असेही विचारतात की, जिथे पट पंधरावर आला तिथे खर्च करावाच कशाला? सह्याद्रीच्या धनगरवाड्यात किंवा सातपुड्याच्या पाड्यावर, भर पावसात ओढा ओलांडून सहा वर्षांच्या मुलीने लहान शाळा एकत्र करून काढलेल्या दूरच्या समूहशाळेत जावे, असा सल्ला देणाऱ्याने ती वाट स्वतः एकदा तुडवून पाहावी. पट घटला म्हणून सुविधा घटवायच्या आणि सुविधा घटल्या म्हणून पट आणखी घटला की शाळाच बंद करायची, हा न्याय नव्हे.

उपाय फार खर्चाचेही नाहीत. देखभालीची पुरेशी रक्कम दरवर्षी शाळा उघडण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर जमा व्हावी व तिचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. शाळांच्या प्रत्येक केंद्रास एक लिपिक आणि साफसफाईची कायम व्यवस्था मिळावी. केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरून त्यांना माहिती गोळा करण्याऐवजी वर्गात बसून शिक्षकाला साहाय्य करण्याचे काम द्यावे. आणि पट कितीही असो, दुसरा शिक्षक काढून घेऊ नये. येत्या अर्थसंकल्पात नव्या योजनेस नवे नाव देण्यापूर्वी या चार बाबींसाठी शासनाने तरतूद करावी, आणि मतदारांनीही आपल्या जिल्हा परिषद सदस्याला किती खोल्या बांधल्या एवढेच न विचारता, बांधलेल्यांपैकी किती वापरात आहेत, याचा जाब विचारावा.