शागीर्दाची छाती आणि राळेचा धूर

मोबाईल, रेडिओ दुरुस्तीवर आमचे अनेक तरुण रोजी कमावतात. सोल्डरिंग करताना उठणाऱ्या पांढऱ्या धुराकडे मात्र आम्ही काणाडोळा करतो.

हा धूर शिशाचा नव्हे, मुख्यतः राळेचा असतो. चीड वृक्षाचा चीक तापवला की टर्पेंटाईन उडून वेगळे होते, मागे राळ उरते. तिच्यात सुमारे ९० टक्के रेझिन आम्ले असतात. अबिएटिक आम्ल त्यांपैकीच. तांब्यावरचा थर काढून टाका पक्का बसवणारी हीच आम्ले. पण सुमारे ३५० अंश तापलेल्या टोकावर राळेचा धूर होतो. तो रोज छातीत गेल्यास दमा जडू शकतो आणि मग थोडा धूरही सोसवत नाही. सुट्टीत बरे वाटते, कामावर आले की खोकला सुरू, ही त्याची खूण.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. धूर टेबलावरूनच बाहेर ओढणारा पंखा हवा. शिसे हातावाटे पोटात जाते, म्हणून जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

पंख्याचा खर्च मालकांनीच करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शागीर्द ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. त्याची छाती जाळून मिळालेल्या नफ्यात बरकत कुठून येणार?