सात स्नानगृहांचे एक गाव

आपल्याकडे सहलीचा हिशेब मुक्कामात होत नाही, 'पॉइंट'मध्ये होतो. आठ दिवसांत किती ठिकाणे 'झाली' हे सांगता आले की पैसे वसूल. परतल्यावर त्या सहलीचा शीण घालवायला आणखी दोन दिवस रजा टाकावी लागते, ही गोष्ट मात्र आपण चारचौघांत बोलत नाही. अशा मंडळींना 'परदेशात जाऊन एकाच लहान गावी चार दिवस राहिलो आणि बहुतेक वेळ गरम पाण्यात बसलो' असे सांगितले, की ठरलेला प्रश्न येतो, 'पण तिथे पाहण्यासारखे काय आहे?' जपानमधल्या किनोसाकीहून आल्यावर मला आणि सौ.ला हा प्रश्न निदान दहा जणांनी विचारला. त्याचे हे सविस्तर उत्तर.

किनोसाकी हे ह्योगो प्रांतातले, जपानच्या उत्तर किनाऱ्याजवळचे गाव. ओसाकाहून रेल्वेने सुमारे तीन तास. मधून लहानशी नदी, काठाने विलोची झाडे, त्यावर दगडी पूल आणि दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली लाकडी घरे. जखमी पायाचा एक करकोचा इथल्या पाण्यात उभा राहून बरा झाला, अशी गावाची दंतकथा आहे. जपानमध्ये ऊन पाण्याचे सत्तावीस हजारांहून अधिक स्रोत आहेत आणि कशाला 'ओनसेन' म्हणायचे हे १९४८च्या कायद्याने ठरवून दिले आहे. पाणी जमिनीतून वर येताना किमान २५ अंश सेल्सिअस तरी हवे, नाहीतर नेमून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे त्यात पुरेशा प्रमाणात हवे.

जुन्या पद्धतीच्या सरायीला तिकडे 'रियोकान' म्हणतात. दारात जोडे काढायचे, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. खोलीत गवताच्या विणलेल्या जाड चटया, एक बुटके मेज, बाकी मोकळी जागा. रात्रीचे जेवण झाल्यावर तिथेच गाद्या घालून दिल्या जातात. सकाळ-संध्याकाळचे जेवण भाड्यातच धरलेले असते. शाकाहारी माणसाने मात्र खोली ठरवतानाच स्पष्ट सांगावे, कारण साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. अंगात घालायला 'युकाता' नावाचा सुती झगा मिळतो. तो डावी बाजू वर ठेवून गुंडाळायचा. उजवी बाजू वर आली तर मृताचा वेष होतो, हे यजमानीणबाईंनी हसत हसत पण लगेच सांगितले.

त्या झग्यावर, पायात लाकडी खडावा अडकवून, सारे पाहुणे रस्त्यावर उतरतात. गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. सरायीत उतरलेल्यांना तिथे वेगळे पैसे पडत नाहीत. पुरुषांची आणि बायकांची सोय वेगळी. आत कपडे चालत नाहीत, आधी साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच कुंडात उतरायचे. आपल्याला पहिली पाच मिनिटे जीव नकोसा होतो. मग कोणी कोणाकडे पाहत नाही हे कळते आणि संकोच सुटतो. महागड्या सरायीतला पाहुणा आणि स्वस्तातला पाहुणा एकाच पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले असतात, आणि कोण कुठला हे सांगायला अंगावर काहीच नसते.

हे आपोआप झालेले नाही. २३ मे १९२५ला भूकंप आणि त्यामागून आलेल्या आगीत हे गाव बेचिराख झाले आणि पुन्हा उभारले गेले. पुढे १९२७मध्ये एका सरायीने आपल्याच आवारात ऊन पाण्याचे स्नानगृह केले. गाव खवळले. प्रत्येकाने आपापले पाणी उपसले तर सार्वजनिक कुंडे कोरडी पडतील आणि पाहुणे रस्त्यावर उतरणारच नाहीत, ही भीती होती. प्रकरण कोर्टात गेले आणि १९५०मध्ये समेटाने मिटले. सरायींना आत स्नानगृह करता येईल, पण त्याच्या आकाराला मर्यादा; पाणी गावाचे आणि मुख्य स्नान बाहेरच. आज गावातले लोक म्हणतात, सारे गाव ही एकच सराय आहे. स्टेशन हे तिचे दार, रस्ते म्हणजे ओसरी, सरायी म्हणजे खोल्या.

माझ्या मते पाहण्यासारखे आहे ते हे. आपण विश्रांतीला खाजगी वस्तू मानतो. ज्याला परवडेल त्याने कुंपणाच्या आत विकत घ्यावी. इंग्रजी अमदानीतल्या १८८२च्या कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, ही समजूत आपल्या हाडीमाशी रुजली आहे. महाराष्ट्राने २००९मध्ये भूजलाचा स्वतंत्र कायदा केला, तरी ज्याची जमीन त्याची बोअर हेच व्यवहारात चालते. मग एका कुंपणाआड पोहण्याचा तलाव भरतो आणि पलीकडे बायका टँकरची वाट पाहतात. ऊन पाण्याचे झरे आपल्याकडेही कमी नाहीत. गणेशपुरी, अकलोली, तुरळ, उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, नावे पाठ असतात. तिथे आपण गाडी थांबवतो, पाय बुडवतो, फोटो काढतो आणि पुढच्या 'पॉइंट'ला निघतो. गावात राहत नाही, म्हणून गावालाही त्या पाण्याभोवती काही उभे करावेसे वाटत नाही.

जपानी लोक पूर्वी अशा गावी आठवडाआठवडा राहत. त्या उपचाराला 'तोजी' म्हणतात. सात दिवसांचे एक आवर्तन, अशी तीन आवर्तने. शिगा नाओया हा लेखक १९१३मध्ये तोक्योत रेल्वेची धडक बसून जखमी झाल्यावर किनोसाकीलाच येऊन राहिला आणि त्या मुक्कामावर त्याने लिहिलेली कथा तिकडे घरोघर माहीत आहे.

तिथेही सारे आलबेल नाही. आता बहुतेकांचा मुक्काम एका रात्रीचाच असतो, आणि खोलीला जोडून स्वतंत्र कुंड हवे म्हणणारे पाहुणेही आहेत. शिवाय दर आपल्या खिशाला जड जातात. पण यातले घेण्यासारखे ते फुकट आहे. कोकणातल्या एखाद्या उन्हाळ्याच्या गावाने ठरवले, की कुंड स्वच्छ ठेवायचे, बायकांना निर्धास्त अंघोळ करता येईल असा आडोसा बांधायचा, पाणी कोणा एकाला द्यायचे नाही आणि पाहुण्यांची सोय घराघरांत वाटून घ्यायची, तर त्याला जपानी पैसा लागणार नाही. आणि आपण ठरवायचे ते इतकेच, की पुढच्या सुट्टीत एका गावी तीन रात्री राहायचे.