बाटलीत काय आहे ते आधी सांगा!



तीन वर्षांपूर्वी माझ्या पोफळीच्या बागेत एक एजंट आला. अगरूची साठ झाडे तेव्हा आठ वर्षांची होती. (आपले माडा-पोफळीचे आगर नव्हे, हे उदाचे झाड.) "इंजेक्शन द्या, दोन वर्षांत लाकूड काळे, मग पैसाच पैसा," असे तो म्हणाला. मी झाडामागे पैसे मोजले. त्याने खोडाला भोके पाडली, बाटलीतले गढूळ पाणी ओतले, वर मेण लावले. यंदा पाच झाडे तोडली. भोकाभोवती बोटभर तपकिरी डाग, बाकी लाकूड पांढरेफटक. विचारले तर उत्तर आले, "तुमची जमीनच बरोबर नाही." दोष नेहमी जमिनीचा आणि कुणब्याचा!

निरोगी अगरूला वास नसतो. जखमेत बुरशी शिरली की झाड बचावासाठी राळ तयार करते आणि किंमत त्या राळेची. आसामात गोलाघाट, जोरहाटच्या परसबागांत हे काम खोडकिडाच करत आला. अळी खोड पोखरते, त्या वाटेने बुरशी आत जाते. जिथे किडा नाही तिथे बुरशी माणसाने टोचायची, एवढीच ही विद्या.

आणि ती गुपित नाही. काळ्या पडलेल्या लाकडाची कपची घ्यायची, वरून निर्जंतुक करायची, बटाट्याचा काढा व साखर घालून थिजवलेल्या थरावर ठेवायची. जी बुरशी उगवेल त्यातली एकेक वेगळी करून ओळखायची. फ्युजेरियम, लासिओडिप्लोडिया ही नावे शोधनिबंधांत उघड छापलेली आहेत. मग ती पातळ काढ्यात वाढवायची आणि जिवंत झाडावर तपासायची. खरी मेख या शेवटच्या पायरीत आहे. प्रयोगशाळेत वारंवार उतरवलेली बुरशी आपला जोर गमावू शकते. एस.टी.च्या टपावर तापलेली बाटली आली तर आत बुरशी मेलेलीही असेल. आपल्याला कसे कळणार?

हरभऱ्याला चोळायच्या रायझोबियमला 2006 पासून खत नियंत्रण आदेश लागू आहे. भुकटीत ग्रॅममागे किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात. माझ्या बाटलीवर झाडाचे रंगीत चित्र होते. बस्स.

"ते आमचे पेटंट आहे," म्हणतात. अहो, पेटंट म्हणजे कृती लिहून जगापुढे ठेवणे! अगरूत राळ तयार करण्याच्या पद्धतीवर मिनेसोटा विद्यापीठाला 2005 साली अमेरिकेत पेटंट मिळाले, ते कुणालाही वाचता येते. लपवायचे ते लपवतात, ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसते.

बाजार खोटा नाही. साइटिस करारानुसार एप्रिल 2024 पासून भारताला वर्षाला 7,050 किलो अगरू तेलाचा निर्यात कोटा मिळाला आहे. म्हणूनच एजंटांचे पीक आले. सागवान कंपन्या आणि इमू आपण विसरलो का?

जिल्हा सभेत ठराव मांडतो आहे. बाटलीवर बुरशीचे नाव, पेशींची संख्या, तयार केल्याची तारीख आणि मुदत असल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही. दापोलीच्या विद्यापीठाने नमुने तपासून द्यावेत. आणि टोचायचेच तर आधी पाच झाडांना टोचा, शेजारच्या पाचांना नुसती भोके पाडून मेण लावा. नुसत्या जखमेनेही लाकूड तपकिरी होते; माझा बोटभर डाग औषधाचा की गिरमिटाचा, हे आज मलाही सांगता येत नाही.

एक बाटली न फोडता उरली आहे. सभेला घेऊन येतो.