टोपाखालचे केस

"तिकडच्या त्या बायकांना टक्कल असतं का गं? एवढे टोप कशाला घालतात?" आत्याने मागच्या रविवारी फोनवर विचारलं. कुठल्याशा अमेरिकन मालिकेत एका बाईने आरशासमोर केसच उतरवून ठेवले म्हणे. (आत्याला हल्ली मालिका बघायला भरपूर वेळ आहे, आणि शंका विचारायला मी आहेच.) फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

तर आत्या, टक्कल नसतं. बहुतेकींच्या टोपाखाली छान केस असतात, आणि ते जपावेत हेच टोप घालण्याचं एक मोठं कारण. कृष्णवर्णीय बायकांचे केस बहुधा घट्ट कुरळे, स्प्रिंगसारखे. डोक्याच्या त्वचेतून सुटणारं तेल आपल्या केसांवरून घसरत टोकापर्यंत पोचतं, तिथे ते वळणावळणावर अडतं. म्हणून केस कोरडे राहतात आणि वळणाशी तुटतात. रोज विंचरलं की रोज थोडे तुटणार. मग ते डोक्यालगत बारीक वेण्यांत बांधून टाकायचे, वर पातळ टोपी, तिच्यावर विग. रोजचा कंगवा नाही, गरम इस्त्री नाही, इथल्या जानेवारीच्या हवेचा मारा नाही. ऑफिसातली माझी मैत्रीण म्हणते, विग घालायला लागल्यापासून सकाळचा पाऊण तास वाचला आणि केस पहिल्यांदा खांद्याखाली गेले.

आणखी एक गोष्ट मला विगच्या बाजूची वाटते. केस सरळ करायची रसायनं तिथे पिढ्यानपिढ्या वापरात आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा एक अभ्यास आला. ही रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण, न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसलं. कारण तेच, असं काही त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण सरळ केस हवेच असतील तर रसायन डोक्याला चोपडण्यापेक्षा सरळ केसांचा टोप घातलेला शतपटीने बरा.

आता दुसरी बाजू. लहानपणी आई माझ्या दोन वेण्या इतक्या घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या. वर्गात एकदोघींची कपाळं तेव्हाच मोठी दिसायला लागली होती. सतत ताणाने केस मुळापासून जातात, याला डॉक्टर ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. वेळीच ताण थांबवला तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिला तर नाही. विगखालच्या वेण्या घट्ट असतील तर तेच होतं. त्यात कपाळावर गोंदाने चिकटवायचे विग आले. समोरची रेघ अगदी खरी दिसते, पण तिथलेच केस सगळ्यात नाजूक! आणि चिकटवलेला विग आठवडे-आठवडे निघत नाही, म्हणजे खालची डोकी ना धुतली जात ना त्यांना तेलपाणी मिळत. झाकलेलं ते विसरलेलं, असं व्हायला वेळ लागत नाही. मैत्रिणीचा विग रात्री उतरतो, आतून साटिनचं अस्तर आहे आणि गोंदाला ती हात लावत नाही. एवढं करणार असाल तरच विगने केस वाचतात असं माझं मत. नाहीतर सरळ मोकळे ठेवा.

मी कोण सांगणारी, असं कुणी म्हणेलही. पण यात आपलाही हात आहे बरं का! तिरुमलाच्या कल्याणकट्टेत भाविक मुंडण करतात, देवस्थान ते केस लिलावात विकतं आणि त्यातले लांब केस जगभर विगवाल्यांकडे जातात. आपल्याकडे कुणी नवस फेडते, तिकडे कुणी त्याच केसांना शेकडो डॉलर मोजते.

मला खरी टोचते ती वेगळीच गोष्ट. केसांना जपायचं ते कंगव्यापासून, की लोकांच्या नजरेपासून? डिसेंबर २०१८ मध्ये इथे न्यू जर्सीत एका शाळकरी कुस्तीगिराला सामन्याआधी आपल्या केसांच्या जटा कापून घ्याव्या लागल्या. २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्नियाने आणि मग वर्षअखेरीला न्यू जर्सीनेही केसांच्या ठेवणीवरून नोकरीत, शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा 'क्राउन' कायदा केला. देशभरासाठीचा तसाच कायदा २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये अडकला. म्हणजे जन्मजात केस घेऊन कामावर जाता यावं म्हणून कायदा लागतो! अशा ठिकाणी "मी केस जपण्यासाठी विग घालते" या वाक्यात किती केस आणि किती भीती, हे घालणारीलाही सांगता येत नसेल.

मैत्रिणीची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिनेही आता विग मागितलाय, कारण तेच, "केस सुरक्षित राहतात ना, मम्मा." मैत्रिणीने मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, तुझ्या विगला माझी काही हरकत नाही, तू तुझे केस वर्षानुवर्षं बघितलेस आणि मग झाकलेस. तिने अजून स्वतःचे नीट बघितलेही नाहीत. निदान दोन वर्षं थांब, सैल वेण्या घाल, आणि शाळेत कुणी काही बोललं तर आधी शाळेत जा. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "तुला सोपं आहे बोलायला," एवढं मात्र म्हणाली, आणि ते खरंच आहे.