वर आणि त्यातली फट
वसई तालुक्यातल्या निर्मळला विमलासुराची कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते: बलाढ्य असुर आणि त्याचा वध करणारा परशुराम. पुराणकथांत बलवानाचे मरण पटते, कारण त्याच्या शक्तीची हद्द आधीच आखलेली असते. हिरण्यकशिपूला दिवसा वा रात्री, घरात वा बाहेर, माणसाकडून वा पशूकडून मरण येणार नाही, असा वर होता; म्हणून नरसिंहाने त्याला तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन नखांनी फाडले. वराचा एकही शब्द मोडला नाही, तरी तो मेला. विज्ञानाची जोड दिलेल्या अद्भुतकथांनाही हेच लागू आहे. ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) अदृश्य नायक लाल प्रकाशात दिसतो, हे आपल्याला ठाऊक असते, म्हणूनच त्याच्यासाठी जीव टांगणीला लागतो. याउलट ‘स्टार वॉर्स’मधला सम्राट पॅल्पटिन १९८३ मध्ये खोल विवरात फेकला गेला आणि २०१९ मध्ये धड खुलासा न देता परतला. त्यामुळे स्वतःचा जीव देऊन त्याला विवरात फेकणाऱ्या डार्थ व्हेडरच्या बलिदानाचे मोल घटले. नव्या लेखकांना कळकळीने सांगतो: पात्राला अफाट शक्ती द्याल तेव्हाच तिच्यातली फटही ठरवा आणि ती वाचकाला वेळेवर दाखवा.