भिंतीवरचे तीन शब्द

पॅरिस म्हटले की लोकांना अत्तरे, फॅशन आणि सिनेमातली गाणी आठवतात. आम्ही निघालो तेव्हा शेजाऱ्यांनी बजावले होते, "आयफेल टॉवरपुढचा फोटो आणा, नाहीतर तुम्ही गेलात हे कुणी खरे मानायचे नाही!" फोटो आम्ही आणला. पण जे फोटोत मावत नाही ते आमच्या वाचक बंधू-भगिनींना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलगी नोकरीच्या कामासाठी काही दिवस तिकडे होती. तिने आग्रहाने बोलावून घेतले. ती कामावर गेली की शहर पाहायला आम्ही दोघे मोकळे. एका दिवशी तिने मेट्रोचा पास हातात दिला, नकाशावर पेनाने खुणा केल्या आणि कुठे काय लिहिले आहे ते एका वहीत मराठीत उतरवून दिले. पिशवीत चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. आमच्यापैकी एकाची बत्तीस वर्षे रेल्वेच्या कारखान्यात गेली, दुसरीची चूल आणि बालवाडी यांत. तेव्हा शहर पाहायचे तेही त्याच नजरेने.

पहिली खूण होती बॅस्टिलची. राजाचा हा तुरुंग १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या लोकांनी फोडला. फोडणारे कोण? सुतार, चांभार, लोहार, छोटे दुकानदार. शाळेच्या इतिहासात आपण हे पाठ केलेले असते. प्रत्यक्षात तिथे किल्ला उरलेलाच नाही. मेट्रोच्या पाच नंबर लाइनच्या फलाटावर पायाचे थोडे दगड दिसतात, तेवढेच. वर चौकात एक उंच खांब आहे. तो १८३० च्या जुलैमधल्या क्रांतीचा. त्यात मेलेल्या सामान्य माणसांची नावे खांबावर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत आणि त्यांच्या अस्थी खाली ठेवल्या आहेत. राजे-सरदारांचे पुतळे आम्ही पुष्कळ पाहिले होते. रस्त्यावरच्या माणसांची नावे इतक्या मानाने लिहिलेली पाहून बरे वाटले.

तिथून गल्ल्यांतून फिरताना तहान लागली. एका कोपऱ्यावर हिरव्या रंगाचे लोखंडी कारंजे होते. चार स्त्रियांनी डोक्यावर छत धरले आहे आणि मधून पाण्याची धार पडते. १८७०-७१ च्या लढाईत शहराचे हाल झाले, पाणी महाग झाले. तेव्हा रिचर्ड वॉलेस या इंग्रज गृहस्थाने १८७२ पासून स्वखर्चाने अशी कारंजी बसवली. कुणीही यावे, प्यावे. आम्ही बाटली भरली. आमच्यामागे एक झाडूवाला उभा होता, त्याच्यामागे कोटवाला साहेब. कुणी कुणाला मागे सरक म्हटले नाही. सार्वजनिक पाण्याची किंमत काय असते, हे महाडचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना समजावून सांगायला नको.

पुढे एक प्राथमिक शाळा लागली. दारावर मोठ्या अक्षरांत तीन शब्द होते. वहीत पाहिले: स्वातंत्र्य, समता, बंधुता. आपल्या घटनेच्या पहिल्या पानावरचे शब्द परमुलखात भेटले, ऊर भरून आला. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितले होते की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. असे ते का म्हणाले असतील, याचा उलगडा त्याच भिंतीपाशी झाला.

कारण दारालगतच एक काळी पाटी होती. पॅरिसच्या अनेक शाळांवर ती आहे. ज्यू म्हणून जन्मली एवढ्याच कारणाने फ्रान्समधून ११,००० हून अधिक मुले १९४२ ते १९४४ या काळात छळछावण्यांत पाठवली गेली, असे तिच्यावर लिहिले आहे. आणि हेही लिहिले आहे, की त्यांना पकडणारे पोलीस फ्रान्सच्याच व्हिशी सरकारचे होते. शत्रूवर सगळे ढकलून हात झटकलेले नाहीत. त्या सरकारने हे तीन शब्दच बाजूला सारले होते आणि त्यांच्या जागी 'काम, कुटुंब, पितृभूमी' असे लिहिले होते. म्हणजे आधी शब्द काढले, मग माणसे उचलली. शाळा सुटायची वेळ झाली होती. दप्तरे घेतलेली पोरे त्याच दारातून हसत-खिदळत बाहेर पडत होती. आम्ही दोघे काही वेळ काही बोललो नाही.

मेट्रोच्या एक नंबर लाइनने कॉन्कॉर्डला उतरलो. याच चौकात १७९३ मध्ये राजाचे डोके उडवले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑलिंप द गूज या लेखिकेचेही. १७९१ मध्ये तिने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता. समतेची घोषणा करणाऱ्या त्या देशात स्त्रियांना मताचा अधिकार १९४४ मध्ये मिळाला, म्हणजे क्रांतीनंतर दीडशे वर्षांनी. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, मोलकरणीने आणि मालकिणीने एकाच रांगेत मत दिले. हे मोठेपण आपल्या घटनेचे आहे.

चौकालगत सीन नदीवर पूल आहे. तो १७९१ मध्ये पुरा झाला, आणि त्याला पाडलेल्या बॅस्टिलचे दगड वापरले आहेत. तुरुंगाच्या दगडांवरून आम्ही चपला वाजवीत पलीकडे गेलो!

नदीकाठाने दोन-अडीच किलोमीटर चालल्यावर आयफेल टॉवर. हिरवळीवर बसून डबा खाल्ला आणि जिन्याने पहिला मजला गाठला. लिफ्टने जाणाऱ्याला लोखंड जवळून दिसत नाही. १८,०३८ भाग आणि २५ लाख रिबिटे यांचा हा सांगाडा जानेवारी १८८७ ते मार्च १८८९ एवढ्या काळात उभा राहिला. एका रिबिटाला चार माणसे लागत: एक तापवणारा, एक धरणारा, एक डोके घडवणारा आणि एक घण मारणारा. लालभडक रिबिट थंड होताना आकसते आणि दोन पत्रे घट्ट आवळून धरते. हे सांगायला वहीची गरज पडली नाही. कारखान्यात राबलेला हात कठड्याजवळच्या रिबिटावरून आपोआप फिरत होता.

टॉवरच्या चारही बाजूंना शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांची ७२ नावे कोरली. त्या ७२ मध्ये एकही स्त्री नव्हती. लवचिकतेच्या गणितात मोलाचे काम केलेल्या सोफी जर्मेनचेही नाव नव्हते. घण मारणाऱ्यांची तर नव्हतीच. त्याच कामगारांनी १८८८ मध्ये पगारासाठी संप केला होता. त्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुटीसाठी झगडत होते. ती १८९० मध्ये मिळाली. फ्रान्सच्या कामगारांना वर्षाची दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली १९३६ मध्ये, तीही संप करूनच. तेव्हा गरीब माणूस सहलीला जातो ती कुणाची मेहेरबानी नसते. तो लढून मिळवलेला दिवस असतो.

पण हा दिवस घरात सगळ्यांना मिळतो का? आपल्या वस्त्यांत रविवारी गिरणीचा भोंगा थांबे, चूल थांबत नसे. उलट त्या दिवशी पाहुणे जास्त आणि भांडीही जास्त. पॅरिसला त्या रात्री मुलीने खिचडी टाकली, वडिलांनी भांडी घासली आणि आईने पाय पसरून नकाशा पाहिला. एवढ्याने समता आली असे नव्हे, पण त्या घरात भिंतीवरचा एक शब्द खाली उतरला एवढे खरे.

पॅरिसला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण मुलांना घेऊन गावाजवळची लेणी, धरण, रेल्वेचा पूल, बंद पडलेली गिरणी पाहायला जाता येते. तिथे त्यांना एवढेच विचारायला शिकवा: हे कुणी बांधले? नाव कुणाचे लागले? कुणाचे राहिले? आणि त्या रविवारी डबा घरातल्या सगळ्यांनी मिळून भरा.