चोरीचं सॉफ्टवेअर काढा, मशीन आपल्या ताब्यात घ्या

बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, काल्हेर, वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या सर्व राउटरवाल्या, लेझरवाल्या, व्हीएमसीवाल्या गाळेधारकांना, ऑपरेटरांना आणि आयटीआयच्या मुलामुलींना,



आपल्या गाळ्यांत देव्हारे होतात, जाळ्या होतात, सेफ्टी डोअर होतात, दुकानांच्या पाट्यांची ॲक्रेलिकची अक्षरं कापली जातात. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या दिवसांत एमडीएफच्या मखरांचं कामही येतं. मशीन आपलं, कर्ज आपलं, गाळ्याचं भाडं आपण भरतो, बिट तुटला तर पैसे आपले जातात. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन बनतं आणि जे सॉफ्टवेअर मशीन हलवतं, ते कोणाचं आहे? बहुतेक गाळ्यांत ते कोणीतरी पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आहे. हे पत्रक त्याबद्दल आहे, आणि ते काढून टाका असं सांगण्यासाठी आहे.

आर्टकॅमचंच घ्या. लाकडावर नक्षी काढणाऱ्या आपल्या धंद्यात आर्टकॅम येतं म्हणजे काम येतं, असंच समजलं जातं. ऑपरेटर ठेवतानाही पहिला प्रश्न तोच असतो. हे सॉफ्टवेअर बर्मिंगहॅमच्या डेलकॅम कंपनीचं. २०१४ मध्ये ऑटोडेस्कने डेलकॅम विकत घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅमची विक्री बंद करून टाकली. जगभरातल्या ज्या लोकांनी रोख पैसे मोजून ते घेतलं होतं, त्यांचीही पुढची वाट तिथेच संपली. नंतर त्याच्या कोडचा परवाना घेऊन कार्व्हेको नावाने दुसरी कंपनी उभी राहिली, पण आपल्या गाळ्यांत चालतं ते त्याच्याही आधीचं, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं आर्टकॅम. त्यात दुरुस्ती होणार नाही. नव्या विंडोजवर ते चालेल की नाही याची हमी कोणी देणार नाही. आणि तुमच्या देव्हाऱ्यांच्या, कमळांच्या, वेलबुट्टीच्या सगळ्या फाइली त्याच्या स्वतःच्या आर्ट फॉरमॅटमध्ये अडकून पडल्या आहेत. कॉम्प्युटर बसला की वर्षानुवर्षांची कमाई त्याच्याबरोबर बसते.

मशीन चालवणाऱ्या बाजूला तेच दुखणं आहे. अनेक ठिकाणी मॅक थ्री हे सॉफ्टवेअर चालतं, तेही पॅरलल पोर्टवर. त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. म्हणून एक जुना एक्सपीवाला डबा जपून ठेवायचा, त्याला नेट लावायचं नाही, पार्टीकडून आलेला पेनड्राइव्ह लावला की व्हायरस शिरेल म्हणून धास्तावायचं. ज्या पोराला तो डबा चालू करता येतो, तो सुट्टीवर गेला की काम ठप्प.

आता कायद्याकडे या, कारण तो बाजूला ठेवून बोलणारे पुष्कळ आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ६३ ब प्रमाणे, सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. न्यायालय कैद टाळू शकतं, पण केव्हा? वापर धंद्यासाठी, नफ्यासाठी नसेल तेव्हा. आपला वापर तर धंद्यासाठीच आहे. मोठ्या कंपनीचं जॉबवर्क मिळायला लागलं, व्हेंडर म्हणून नोंद व्हायची वेळ आली की सॉफ्टवेअरच्या परवान्याचा प्रश्न कधीतरी समोर येतोच. तेव्हा आपल्याकडे दाखवायला काय आहे?

कोणी म्हणेल, मग पैसे भरून घेऊ. जरूर घ्या, ज्यांना परवडतं त्यांनी. पण विकत घेणं हा प्रकारच आता संपत चालला आहे. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमचे परवाने विकणं बंद केलं. तेव्हापासून ऑटोकॅडसुद्धा भाडं भरा आणि वापरा. भाडं थकलं की दार बंद. ऑटोडेस्कच्याच, वैयक्तिक वापरासाठी फुकट दिलेल्या फ्यूजन ३६० चं काय झालं ते आठवा. अनेक मुलं त्यावर शिकली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने फुकटच्या आवृत्तीतून रॅपिड चाल काढली, टूल बदलण्याची सोय काढली, एका वेळी बदल करता येतील अशी चालू डिझाइन्स दहावर आणली. कंपनीने बेकायदा काही केलं नाही. घर तिचं, भिंती तिने हलवल्या. आपण भाडेकरू आहोत एवढंच त्यातून कळलं.

यावरची वाट म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. ते म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर, असं समजून लोक ते हलकं मानतात. किंमत हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, तो वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि ही मुभा परवान्यातच लिहिलेली असते. कोणती कंपनी विकली गेली, कोणाचं मन बदललं, तरी तुमच्याकडची प्रत काढून घेता येत नाही.

लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९०च्या दशकात अमेरिकन सरकारच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, एनआयएसटीने, मशीन कंट्रोलर कसा असावा याचा नमुना म्हणून त्याचा मूळ कोड लिहिला आणि जनरल मोटर्सच्या कारखान्यातल्या मशीनवर चालवून पाहिला. तिथल्या कायद्यानुसार सरकारी नोकरांनी लिहिलेल्या कोडवर कॉपीराइट नसतो, म्हणून तो सगळ्यांसाठी खुला झाला. पुढे जगभरच्या मशीनवाल्यांनी आणि प्रोग्रामरांनी तो वाढवला. टॉरमॅक ही अमेरिकन कंपनी आपल्या मिलिंग मशीनवर पाथपायलट नावाचा कंट्रोलर देते, तो याच लिनक्ससीएनसीवर उभा आहे. ज्याला आपण हलकं म्हणतो, ते विकून तिथे धंदे चालले आहेत. आज डेबियन १२ या लिनक्समध्ये लिनक्ससीएनसी तयार मिळतो.

आणि त्याच्यात मशीनची सगळी माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत असते. कुठला लिमिट स्विच कुठल्या पिनवर, स्पिंडल कसा चालू व्हायचा, होमिंग कोणत्या बाजूला, बॉलस्क्रूचा हिशोब काय, सगळं वाचता येतं. हा हिशोब कोणत्याही ऑपरेटरला जमतो. स्टेपर मोटरचे एका फेरीला २०० टप्पे. ड्राइव्हवर आठ मायक्रोस्टेप लावले तर १६००. स्क्रूची पिच ५ मिलिमीटर असेल तर १६०० भागिले ५, म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. हा आकडा फाइलीत लिहिला, डायलने मोजून थोडा दुरुस्त केला, की ॲक्सिस बरोबर चालतो. आपल्याकडे मात्र याच आकड्यासाठी विक्रेत्याला फोन करावा लागतो. तो व्हिजिट चार्ज लावून येतो, पासवर्ड टाकतो आणि पासवर्ड न सांगता निघून जातो. माझ्या ओळखीच्या एका गाळ्यात ड्राइव्ह बदलल्यावर मशीन असंच अडून पडलं होतं. फॉल्ट किरकोळ होता. सेटिंगचा कागद मात्र मालकाकडे नव्हता, कारण तो त्याला कधी दिलाच गेला नाही.

छोट्या मशीनसाठी ग्रबल आहे. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं. फक्त ३२ किलोबाइट जागा असलेल्या आर्डुइनोच्या चिपमध्ये ते मावतं आणि तीन ॲक्सिस चालवतं. चीनमधून येणाऱ्या बऱ्याच लेझर एनग्रेव्हरमध्ये आणि छोट्या राउटरमध्ये आत हेच असतं. त्याच्या जीपीएल परवान्याची अट आहे की ज्याला मशीन विकलं त्याने मागितला तर कोड द्यावा लागतो, विक्रेत्याने केलेल्या बदलांसह. हा आपला हक्क आहे. विक्रेत्याला विचारा.

डिझाइनच्या बाजूला पाट्या, अक्षरं, जाळ्या यांसाठी इंकस्केप आहे. मोजमापाचे पार्ट, फिक्स्चर, कॅबिनेट यांसाठी फ्रीकॅड आहे. २००२ साली सुरू झालेलं फ्रीकॅड नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० वर पोहोचलं. त्यात टूलपाथ काढायचा विभाग आहे. पॉकेट, प्रोफाइल, ड्रिलिंग त्यातच होतं आणि वेगवेगळ्या कंट्रोलरसाठी जी-कोड निघतो. ज्यांच्या राउटरवर डीएसपी हँडल आहे आणि पेनड्राइव्हवरून जी-कोड चालतो, त्यांना मशीनला हातही लावायची गरज नाही. फक्त डिझाइनचं सॉफ्टवेअर बदलायचं. सुरुवात तिथूनच करा. पहिला तुकडा एमडीएफच्या भंगारावर, स्पिंडल वर उचलून हवेत चालवून मगच कापा. पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचा आपल्या मशीनला कळेल असा जी-कोड करणारी फाइल, नवा असेल तर एवढी काळजी घ्यावीच लागते.

जिथे कमी आहे तिथे कमी आहे, हेही सांगतो. मूर्ती, उठावाची फुलं, रिलीफचं काम आर्टकॅममध्ये ज्या सहजतेने होतं, तेवढ्या सहजतेने इथे होत नाही. ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करून त्याच्या कॅमच्या ॲड-ऑनने टूलपाथ काढता येतो, पण हात बसायला वेळ लागतो. पाच ॲक्सिसवर एकाच वेळी चालणारं मोल्डचं काम करणाऱ्याने आज फ्रीकॅडवर भरवसा ठेवू नये. त्याने पैसे भरून परवाना घ्यावा. आणि कोणतंही सॉफ्टवेअर असो, आपत्कालीन लाल बटण सॉफ्टवेअरवर सोडू नका. त्याने ड्राइव्हची आणि स्पिंडलची वीज थेट तुटली पाहिजे. बोटं जातात ती तिथे.

पण आपल्या पट्ट्यातलं बहुतेक काम रिलीफचं नाही. कटिंग, पॉकेट, ड्रिल, जाळी, अक्षरं, खाचा. हे सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर आजच्या आज होतं. मूठभर कामासाठी सगळाच धंदा चोरीच्या सॉफ्टवेअरवर उभा ठेवायचा, याला कारण उरत नाही.

हे आपल्या लोकांना जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन यावं. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवणं हा त्यांचा ध्यास होता. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना मांडली, तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये याच पाबळमध्ये सुरू झाली. एमआयटीच्या प्रयोगशाळेतली डिजिटल मशीनं पाबळच्या मुलांच्या हातात आली. बाळकुमच्या मुलांना ती का येऊ नयेत? आणि पाबळ लांब वाटत असेल तर पवई जवळ आहे. आयआयटी मुंबईत मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणण्यासाठी फॉसी हा प्रकल्प सरकारी पैशावर चालतो, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे अनेक धडे मराठी आवाजात आहेत. धडा ऐकायचा, थांबवायचा, स्वतः करून पाहायचा. इंग्रजी येत नाही म्हणून अडलं, ही सबब त्याने बरीच कमी होते.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच धोरण ठरवलं की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं. मग वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयपासून अंबरनाथच्या आयटीआयपर्यंत, सीएनसी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला फ्रीकॅड आणि लिनक्ससीएनसी शिकवलं जावं, ही आमची उघड मागणी आहे. महागडं पॅकेज शिकवा, पण त्याच्या जोडीला हेही शिकवा. मुलगा वर्गात जे शिकला ते घरी जुन्या लॅपटॉपवर चालवू शकला पाहिजे. नाहीतर पास होऊन बाहेर पडल्यावर पहिलं काम तो क्रॅक शोधण्याचं करतो. सरकारी संस्थेत शिकलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गुन्ह्यात ढकलणं बंद करा.

हे सगळं आत्ताच का? कोलशेतला क्लॅरियंटच्या जागेवर लोढांचे टॉवर उभे राहिले. एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणून १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी ऑफिसं आली. बाळकुम नाक्यावरून मेट्रो ५ चा मार्ग जातो. जमिनीचा भाव कुठे चालला आहे ते सगळ्यांना दिसतं. मोठे कारखाने जमीन विकून गेले. छोटा गाळेवाला मागे राहिला, आणि उद्या त्याला भिवंडीकडे सरकावं लागलं तर त्याच्याबरोबर जाणार ते मशीन, हात आणि फाइली. यातली एकही गोष्ट दुसऱ्याच्या कुलपात असता कामा नये.

म्हणून आजपासून एवढं करा. जुनं सॉफ्टवेअर चालू आहे तोवर सगळी डिझाइन्स डीएक्सएफ आणि एसटीएलमध्ये बाहेर काढा, दोन ठिकाणी ठेवा. ड्राइव्हचे स्विच कसे लावले आहेत त्याचे फोटो काढा. वायरिंग कागदावर उतरवून कंट्रोल पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवा. एका कॉम्प्युटरवर इंकस्केप आणि फ्रीकॅड टाका आणि येणारं पुढचं सोपं काम त्यावर करा. ज्याला जमलं त्याने शेजारच्या गाळ्यात जाऊन दाखवा. पोस्ट प्रोसेसर जुळला तर फाइल वाटा, लपवू नका. आपण एकमेकांचे भाव तोडतो, निदान एकमेकांचा वेळ तरी वाचवू.

आणि नवीन मशीन घेताना, ॲडव्हान्स देण्याआधी, ऑर्डरवर हे शब्द लिहून विक्रेत्याची सही घ्या: «मशीनबरोबर संपूर्ण वायरिंग ड्रॉइंग, कंट्रोलर व ड्राइव्हची सर्व सेटिंग आणि सर्व पासवर्ड खरेदीदारास लेखी देण्यात येतील. मशीनबरोबर दिलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा वैध परवाना देण्यात येईल. सॉफ्टवेअर मुक्त असल्यास त्याचा कोड देण्यात येईल. हे न दिल्यास शेवटचा हप्ता देय राहणार नाही.»

— बाळकुमचा एक राउटरवाला

(वाचून झाल्यावर शेजारच्या गाळ्यात द्या. झेरॉक्स काढून वाटण्यास, बदल करून छापण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.)